सागवानी दाराचे पॉलिश : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

एकाच मापाच्या दोन दारांना एक पॉलिशवाला सहा हजार सांगतो, दुसरा पंधरा. दोघांपैकी कोणी लुबाडतोच आहे असे नाही. एक जण जुन्या थरावर हलका काचपेपर फिरवून नवे दोन हात मारणार असतो, तर दुसरा लाकूड उघडे पडेपर्यंत घासणार असतो. पॉलिश किती वर्षे टिकेल हे या घासकामावर ठरते. दर ठरवताना बहुतेकजण डब्यावरच्या नावाची चौकशी करतात आणि घासकामाबद्दल काहीच विचारत नाहीत. पैसे वाया जातात ते तिथेच.

आधी दार तपासा

कोपऱ्यातल्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर जुने पॉलिश लाखेचे, म्हणजे स्पिरिट पॉलिश आहे. ते सहज निघते. काहीच झाले नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू आहे, आणि ते काढायला मेहनत जास्त लागते.

दार भरीव लाकडाचे आहे की वर नुसता व्हिनियर आहे, तेही बघा. व्हिनियरचा वरचा पापुद्रा साधारण अर्धा मिलिमीटरचा असतो. त्यावर मशीन चालवले की खालचा प्लाय दिसू लागतो आणि मग दुरुस्तीला वाव उरत नाही. तिथे हातानेच घासायला सांगा.

जुन्या दारावर ऑइलपेंट असेल तर विशेष काळजी घ्या. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नका. रंग काढायचे रसायन वापरा किंवा ओले घासा, आणि मुलांना व गर्भवतींना त्या जागेपासून दूर ठेवा.

माप आणि हिशेब

सात फूट बाय साडेतीन फुटांचे दार एका बाजूने साडेचोवीस चौरस फूट भरते, दोन्ही बाजू मिळून ४९. चौकटीचे साधारण १५ चौरस फूट आणि कडा धरल्या की एकूण ६५ च्या आसपास होतात. माप स्वतः घ्या आणि चौकट धरली आहे का, हे विचारा. वाद बहुतेक वेळा चौकटीवरूनच होतो.

पुणे-मुंबईकडे मालासकट दर चौरस फुटाला ढोबळमानाने असे धरा. लहान गावात ते कमी असू शकतात.

• स्पिरिट पॉलिश : ६० ते १०० रुपये. ६५ चौरस फुटांना ३,९०० ते ६,५००.
• मेलामाइन : १०० ते १६० रुपये. एकूण ६,५०० ते १०,४००.
• पीयू : २०० ते ३५० रुपये. एकूण १३,००० ते २२,७५०.
• जुना थर पूर्ण काढणे : वेगळे ३० ते ६० रुपये, म्हणजे आणखी १,९५० ते ३,९००.

एकाच दारासाठी कारागीर यायला नाखूश असतो, कारण हात वाळेपर्यंत त्याचा दिवस अडकून पडतो. दाराबरोबर झोपाळा आणि खिडक्याही काढा किंवा शेजाऱ्यांचे काम जोडा, म्हणजे दर कमी करून मागता येतो. पाच फूट बाय दोन फुटांची झोपाळ्याची फळी दोन्ही बाजू व कडा धरून सुमारे २२ चौरस फूट भरते.

कुठे काय लावायचे

स्पिरिट पॉलिश दिसायला सुंदर आणि पुन्हा करायला सोपे असते, पण पाणी सांडले की पांढरा डाग पडतो. ते आतल्या लाकडाला लावावे. मेलामाइन फ्लॅटच्या आतील दारांना पुरेसे आहे. उन्हापावसाचा मारा खाणाऱ्या बाजूला बाहेरच्या वापराचे, अतिनील किरण अडवणारे पीयू घ्या. दोन्ही बाजूंना पीयूच हवे असे नाही. ते फक्त बाहेर लावून आत मेलामाइन केले तर साडेतीन-चार हजार वाचतात.

अंगणातल्या झोपाळ्याला किंवा कोकणातल्या पडवीतल्या बाकाला जवसाचे तेल चांगले. त्याचा जाड थर बसत नाही, त्यामुळे पापुद्रेही सुटत नाहीत. दरवर्षी पावसाआधी एक हात मात्र द्यावा लागतो.

काम केव्हा काढावे

दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंत. दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते. पावसाळ्यात फुगून अडकणाऱ्या दाराला लगेच रंधा मारून घेऊ नका. हिवाळ्यात लाकूड आकसले की तिथे फट पडते. दार फुगते त्यामागे बहुधा वरच्या-खालच्या कोऱ्या कडा असतात. पाणी तिथूनच शिरते. त्यांना पॉलिश द्यायचे तर दार बिजागऱ्यांवरून उतरवावे लागते, म्हणून हे काम सहसा टाळले जाते. ठरवतानाच ते बोलून घ्या.

घरी करायचे असेल तर

तेल किंवा स्पिरिट पॉलिश घरी जमते. ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचे काचपेपर, लाकडाची लांबी, जवसाचे तेल, टर्पेंटाइन, ब्रश आणि मास्क एवढे सामान एका झोपाळ्याला हजार-दीड हजारात येते. घासताना लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच जा, आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. साग मुळात तेलकट असल्याने पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. तेल लावलेली फडकी मात्र बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा. दोन घटकांचे पीयू स्प्रेने मारण्याचे काम घरी करू नका, त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

ठरवताना हे लिहून घ्या

जुना थर पूर्ण काढणार की वरवर घासणार? किती हात मारणार, आणि दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर फिरवणार का? माल कोणाचा आणि डबा तुमच्यासमोर उघडणार का? बिलावर जीएसटी लागणार असेल तर तो सांगितलेल्या आकड्यात धरला आहे का?

पैसे तीन टप्प्यांत द्या : मालापुरते आधी, दुसरा हप्ता घासकाम झाल्यावर, उरलेले शेवटी. दुसऱ्या हप्त्याआधी दिवसा एकदा दार बघा आणि बॅटरी तिरपी धरून पुन्हा बघा. जुन्या पॉलिशची चकाकी किंवा आडवे ओरखडे दिसले तर पहिला हात थांबवा. या टप्प्यावर दुरुस्तीला एखादा तास लागतो. वर पॉलिश चढल्यावर तीच चूक काढायची तर सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.