दवाखाना सर्वांचा, खर्चही सर्वांचा

भाताच्या कापणीत कोणाच्या पायाला घोणस चावली, तर घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो: जवळच्या सरकारी दवाखान्यात लस मिळेल, की तालुक्यालाच न्यावे लागेल? वाटेत गेलेला तास जिवावर बेतू शकतो. अडलेल्या बाळंतिणीचे तेच, आणि फवारणीचे औषध बाधले तरी तेच. म्हणून जवळचा दवाखाना वाढवणे हा आपणा शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. तो वाढवण्याचा खर्च अनेक पंचायतींनी मिळून कसा उचलावा, याचा विचार आपण आज करू या.

दवाखाना एका गावात, रोगी अनेक गावांचे

सरकारी प्रमाणाप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकवस्तीला आणि डोंगराळ भागात २०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत सहसा एवढी वस्ती नसते. साहजिकच एका केंद्रात पाच-सहा पंचायतींचे लोक येतात. पण खोली वाढवायची वेळ आली की ज्या गावात दवाखाना आहे ते म्हणते, "आम्हीच का खर्च करावा?" आणि शेजारचे गाव म्हणते, "दवाखाना त्यांच्या गावात आहे, त्यांनीच करावा." या वादात वर्षे निघून जातात आणि खोली होत नाही.

कायदा काय सांगतो?

घटनेची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. आरोग्य, रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने हा त्यांपैकी एक. मात्र प्रत्यक्ष अधिकार किती द्यायचा हे प्रत्येक राज्य ठरवते.

पैशाची वाटही उघडली गेली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपये खर्च करण्याची शिफारस केली. याखेरीज त्या काळात ग्रामपंचायतींना जे सर्वसाधारण अनुदान होते, त्याचे ६० टक्के पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेले होते. उरलेले गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होते, पण पगारासाठी नाही. ही अट लक्षात ठेवावी; तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

केरळचा धडा

केरळात १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजना खर्चाचा सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग स्थानिक संस्थांना देण्याचे तेथे ठरले. प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींकडे, मोठी सामुदायिक केंद्रे गट पंचायतींकडे आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा पंचायतींकडे आली. एकापेक्षा जास्त पंचायतींनी मिळून संयुक्त योजना करण्याची सोयही होती. पुढे २०१७ पासून आरोग्य केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रे होऊ लागली. तेव्हा तपासणी संध्याकाळपर्यंत चालावी म्हणून जादा डॉक्टर व परिचारिका यांचा भार अनेक पंचायतींनी उचलला. इमारतीबरोबर माणसांचाही विचार झाला, हे त्यातले शिकण्यासारखे आहे.

वाटणी कशी करावी?

समजा, तीन पंचायती एका केंद्रावर अवलंबून आहेत. त्यांची वस्ती ६,०००, ४,५०० आणि ३,००० आहे. बाळंतपणाची खोली आणि रक्त तपासणीची खोली यांना मिळून ९ लाख रुपये लागतात. डोईप्रमाणे वाटणी केली तर पहिलीने ४ लाख, दुसरीने ३ लाख आणि तिसरीने २ लाख द्यावेत. हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे. लहान पंचायत फारच गरीब असेल तर तिचा भाग आपसांत ठरवून कमी करावा. पण जे ठरेल ते तिन्ही पंचायतींच्या ठरावात लिहून घ्यावे. नुसत्या तोंडी शब्दावर काम सुरू करू नये. सरपंच बदलला की तोंडी शब्द मागे पडतो.

आधी रोजचा खर्च मोजा

खोली एकदाच बांधावी लागते, पण ती चालवण्याचा खर्च दर महिन्याला येतो. सर्पदंशाचेच पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस आपल्या देशात तयार होते. तिचा पातळ प्रकार थंड ठेवावा लागतो; म्हणजे शीतपेटी हवी आणि वीज गेली तर पर्यायी सोय हवी. शिवाय ती लस काही रोग्यांना बाधते, म्हणून टोचणारा माणूस शिकलेला हवा. त्याचा पगार बांधकामाच्या पैशातून देता येत नाही. तेव्हा परिचारिका कोण देणार, विजेचे बिल कोण भरणार, हे आरोग्य खात्याकडून आधी लेखी घ्यावे, मगच पाया खणावा. नाहीतर कुलूप लावलेली नवी खोली तेवढी उभी राहते.

आपण काय करावे?

आपल्या केंद्रावर कोणकोणती गावे अवलंबून आहेत त्याची यादी करावी. तेथील डॉक्टरांना विचारावे की सर्वात आधी काय हवे. नंतर प्रत्येक गावच्या ग्रामसभेत एकच मागणी मांडावी, आणि ग्रामसभेला घरातील बायकांनीही जावे. बाळंतपणाच्या खोलीबद्दल त्यांच्याइतके कोणाला कळणार? काम सुरू झाल्यावर जमाखर्चाचा कागद दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याचा आग्रह धरावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आरोग्य केंद्रात किती पंचायतींचे लोक येतात?
२. सापाची लस तेथे आज आहे का? रात्री ती कोण देते?
३. शेजारच्या पंचायतीशी या विषयावर बोलणी करायला आपल्यातून कोण जाईल?