शंका-समाधान : अनोळखी संगीताचं परीक्षण

शंका (पुसद) : मित्र खोलीत बसून संगणकावर संगीत करतात आणि इंटरनेटवर टाकतात. त्यात ना मुखडा, ना अंतरा. कधी नुसती घरघर. अशा संगीताचं परीक्षण लिहायला सुरुवात कुठून करावी?

समाधान : आधी काय ऐकू येतं ते लिहा, मत मागाहून. घरघर एकसारखी आहे की हळूहळू जाड होत जाते? खाली ठेका आहे का? कोणता आवाज फिरून फिरून येतो? हे कागदावर उतरलं की निम्मं काम झालं. निर्मात्याची माहिती मी मुद्दाम शेवटी वाचतो, कारण गोष्ट रंजक असली की कान झोपी जातात.

मुंबईच्या चरणजित सिंग यांच्या बाबतीत तसंच झालं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलावंतानं १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. रोलंड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं, आणि दहा राग. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर बोलबाला झाला, की शिकागोतून १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना आली त्याच्या पाच वर्षं आधीच भारतात अ‍ॅसिड हाउस हे यंत्रांवरचं नृत्यसंगीत जन्मलं होतं. तारखा खऱ्या आहेत. पण शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. दोन्हीकडे टीबी-३०३ हेच यंत्र होतं, म्हणून आवाजही जवळचा आला. बरीच परीक्षणं या तारखांपाशीच थांबली.

तुम्ही त्यातला मालकंस लावून बघा. रिषभ-पंचम वर्ज्य असलेला, सावकाश उलगडणारा राग. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ती मींडेच्या बरीच जवळ जाते. ठेका मात्र तसूभरही ढिला पडत नाही, त्यामुळे मालकंसाचं रेंगाळणं हातचं जातं आणि त्याच्या जागी एक गरगरती गुंगी येते. मला हा सौदा पटतो. तुम्हाला पटणार नाही कदाचित; पण काय गेलं आणि काय आलं, एवढं वाचकाला कळलंच पाहिजे.

शंका (दिग्रस) : आमच्या बंजारा तांड्यावरच्या मुलांनी होळीच्या लेंगी गाण्यावर संगणकाचा ठेका चढवून गाणं काढलं आहे. आपलीच पोरं म्हणून सांभाळून लिहावं का?

समाधान : अजिबात नको. खोट्या कौतुकानं पोरांचंच नुकसान होतं. लेंगीचा जीव डफाच्या थापेत आणि घोळक्यानं एकदम उचललेल्या ओळीत असतो. त्यात कुणी जरा पुढे असतो, कुणी मागे. संगणकाच्या मापात बसवायला हे आवाज तासून सरळ केले असतील, तर तसं स्पष्ट लिहा. कोणत्या मिनिटाला ते खटकतं तेही लिहा. ठेक्यानं डफाला वाट दिली असेल तर मोकळेपणानं शाबासकी द्या.

आणि गाणाऱ्यांची नावं बघा. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटानं २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ काढलं, त्यात आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर स्वतः गायले आणि गाण्यावर त्यांचं नाव आहे. तुमच्याकडची लेंगी ज्या जाणत्या माणसाकडून घेतली, त्याचं नाव गाण्यावर नसेल, तर परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात त्याबद्दल जाब विचारा.

शंका (उमरखेड) : मोबाइलवर ऐकून लिहिलं तर चालेल का?

समाधान : मोबाइलच्या स्पीकरवर नाही. त्यातून खालचे, खर्जाचे आवाज जवळजवळ येतच नाहीत, आणि या संगीताचा अर्धा डाव तिथेच रंगतो. तारेचे साधे इयरफोन पुरतात. ते मिळेपर्यंत लेखणी उचलू नका.