आंबेगाव सापडेना, मग खेड उघडा

मंचरच्या एका विद्यार्थिनीने ‘आमचा तालुका’ या प्रकल्पासाठी १८८५चे पुणे जिल्हा गॅझेटियर मागवले. तालुक्यांच्या यादीत जुन्नर होते, खेड होते, आंबेगाव नव्हते. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे वहीत लिहून ती उठलीसुद्धा. ग्रंथपालबाईंनी तिला परत बसवले आणि खेडची पाने काढून दिली. तेव्हा आंबेगाव स्वतंत्र तालुका नव्हता. घोडेगाव आणि मंचर खेडखालीच नोंदलेली होती.

त्या काळच्या कागदात आपला विषय कोणत्या नावाखाली असेल, हा प्रश्न कपाटाकडे वळण्याआधीच स्वतःला विचारावा.

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना तर तो विचारावाच लागतो. मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंवर लिहायचे असेल, तर सूचीत ‘बाबू’, ‘गेनू’ आणि ‘सैद’ अशा तिन्ही ठिकाणी पाहावे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाची लॉरी अडवताना ते गेले. त्यामुळे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मागायच्या त्या मुंबईच्या, आणि त्या तारखेच्या पुढच्या. असे नेमके सांगितले की शोधणाऱ्याचे काम निम्मे होते.

दुसरी फसगत तारखांची. शिवनेरीवर लिहिताना एका पुस्तकात शिवजन्माचे साल १६२७ मिळते, दुसऱ्यात १६३०. अशा वेळी आवडेल ते उचलू नये. कोणते पुस्तक केव्हाचे, हे आधी पाहावे. ग्रँट डफचा इतिहास १८२६चा. त्यात १६२७ आहे. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली ती १९१६ साली. तिच्यातली नोंद १६३०कडे नेते. आज राज्य सरकार १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानते. प्रकल्पात दोन्ही साले द्यावीत आणि मत का बदलले ते दोन ओळींत सांगावे. गुण तिथे मिळतात.

गॅझेटियरसारखे संदर्भग्रंथ सहसा घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचावे लागतात. म्हणून प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर लेखक, ग्रंथ, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठ लगेच लिहावे; नाहीतर एका पृष्ठक्रमांकासाठी पुन्हा एसटी पकडावी लागते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नव्हे, विषय मिळाल्याच्या आठवड्यातच ग्रंथालय गाठा. ग्रंथपालांना विषयाबरोबर गाव, माणूस आणि साल सांगा.