कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा



महिन्याची 20 तारीख. जीएसटीचं 3बी रिटर्न आज भरायचंय, काउंटरवर गिऱ्हाईक बिलासाठी उभं, आणि कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून रिस्टार्ट. आठवड्यात तिसऱ्यांदा! अशा वेळी आपल्या कळवणमध्ये काय, कुठेही पहिला सल्ला एकच: "फॉरमॅट मारून टाक." थांबा. फॉरमॅटमध्ये हिशोबाचा डेटा जाऊ शकतो. आणि दोष हार्डवेअरचा असेल, तर पैसे देऊनही चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून आधी कारण शोधा.

1. आधी बॅकअप. मशीन चालू आहे तोवर टॅलीचा डेटा आणि उधारीची एक्सेल शीट पेनड्राइव्हवर घ्या, एक कॉपी गुगल ड्राइव्हवर टाका.

2. वहीत नोंद करा. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, स्क्रीनवर कोणता कोड आला. निळ्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. विंडोजही नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, दिवसवार यादी दिसेल.

3. आता नोंदी वाचा.

- निळी स्क्रीन न येता एकदम बंद: आधी वीज तपासा. प्लग, एक्स्टेंशन, यूपीएसची बॅटरी, एसएमपीएस. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' दिसलं तर घाबरू नका. मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, एवढाच त्याचा अर्थ. कारण ते सांगत नाही.
- थोडा वेळ काम केल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू: उष्णता. फॅन फिरतोय का बघा, आतली धूळ साफ करून घ्या.
- दरवेळी वेगळाच कोड: रॅमवर संशय. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा.
- फाइल उघडताना हँग: हार्ड डिस्क तपासून घ्या. इथे उशीर करू नका, डेटा तिच्यातच आहे.
- नवीन प्रिंटर किंवा अपडेटनंतर सुरू झालं: तो ड्रायव्हर किंवा अपडेट काढून बघा.

4. एका वेळी एकच बदल. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकदम बदललं, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. एक बदल करा, दोन-चार दिवस बघा, वहीत लिहा.

19 जुलै 2024 आठवतंय? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडली. त्यांचं हार्डवेअर ठणठणीत होतं. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली की मशीन चालू होत होतं. म्हणजे पहिला प्रश्न हाच: "नुकतं काय बदललं?"

त्या दिवशी आपल्या देशात विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. एवढ्या मोठ्या कंपन्यांना कागद-पेन लागला, मग आपल्या काउंटरखाली छापील बिलबुक हवंच ना! कॉम्प्युटर बंद पडला तरी गिऱ्हाईक परत जाता कामा नये.

आणि रिटर्न? ते 20 तारखेपर्यंत ठेवूच नका. 15 लाच भरून मोकळे व्हा.