विद्यापीठात शिकणारी लेक आणि घरच्यांचे कर्तव्य



पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आई-बापांच्या मुली आज पुण्याच्या विद्यापीठात आणि संशोधन संस्थांत पोचल्या आहेत. कित्येक घरांत पहिल्यांदाच कुणी एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करीत आहे. या विद्यापीठाला २०१४ साली ज्या सावित्रीबाईंचे नाव मिळाले, त्या मुलींना शिकवायला निघाल्या की त्यांच्यावर शेणमाती फेकली जाई. शिकणाऱ्या स्त्रीचा छळ आजही संपलेला नाही. पुष्कळदा तो ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून, त्याच माणसाकडून होतो. म्हणून हा पाठ घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा.

१. छळ कशाला म्हणावे? नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे, हे सर्व लैंगिक छळात मोडते. ‘माझे ऐकलेस तर प्रबंध लवकर पुढे जाईल’ हे आमिष आणि ‘नाही तर गुण कापीन’ ही धमकी, हाही छळच. मारहाण झाली तरच गुन्हा, हा समज सोडा.

२. कायदा कोणता? राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला. त्यावरून २०१३ चा कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात.

३. तक्रार कशी करावी? लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. मुलीचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवा, अशी मागणी करता येते. पोलिसांकडे जाण्याचा तिचा हक्कही शाबूत राहतो.

४. पद्धत का पाळावी? गोवा विद्यापीठात २००९ साली एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी घाईत उरकली, त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. बडतर्फी झाली, पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवले. चौदा वर्षे गेली आणि खरे काय ते ठरलेच नाही. म्हणून तारखा लिहून ठेवा, संदेश पुसू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. समिती नियमाने चालली तर त्यात मुलीचेच हित आहे.

५. आपण बौद्ध आहोत, मग अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो का? लागतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन त्या जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश झाला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आणखी गुन्हे आले. मुलगी अनुसूचित जातीची आहे हे जाणून अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने संमतीशिवाय लैंगिक हेतूने तिला स्पर्श करणे किंवा तसे शब्द, हावभाव करणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र जातीचा दाखला नीट काढून ठेवा.

६. घरच्यांनी काय करावे? सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. मुलगी गप्प का राहते? पुष्कळदा तिला त्या शिक्षकापेक्षा घराची भीती वाटते. ‘पुरे झाले शिक्षण, घरी ये, लग्न लावून टाकू’ हे शब्द ऐकावे लागतील म्हणून ती सोसत राहते. छळ दुसऱ्याने करावा आणि शिक्षा तिला व्हावी, हा कोणता न्याय? तेव्हा आजच, काही घडायच्या आधीच तिला सांगा, ‘बाई, काही झाले तरी तुझे शिक्षण आम्ही थांबवणार नाही.’ आणि मुलाला बजावा, की मैत्रिणीने ‘नको’ म्हटले की तिथेच थांबायचे. घरात बहिणीला हुकूम सोडणारा मुलगा बाहेर जाऊन तिसरे शील पाळील, अशी आशा कशी धरावी?

कुटुंबात चर्चेसाठी :
(अ) आपल्या मुलीच्या संस्थेतील समितीच्या अध्यक्षांचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?
(आ) तक्रारीची मुदत किती?
(इ) मुलीने आज रात्री तक्रार सांगितली, तर आपले पहिले वाक्य काय असेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी आधी द्यावे.