लवकर उपचारांचा धडा : दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यदलातील ‘फिडिसा’ अभ्यास

एचआयव्हीची बाधा झालेल्या व्यक्तीला औषधे केव्हा सुरू करावीत, या प्रश्नावर आज वैद्यकशास्त्रात एकमत आहे : निदान होताच, शक्य तितक्या लवकर. दोन दशकांपूर्वी असे एकमत नव्हते. औषधे महाग होती, त्यांचे दुष्परिणाम बरेच होते आणि एकदा सुरू केलेला उपचार आयुष्यभर घ्यावा लागणार होता. म्हणून प्रतिकारशक्ती पुरेशी खालावेपर्यंत थांबण्याची प्रथा होती. ही प्रथा का बदलली, हे समजून घेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या संरक्षण दलातील एका अभ्यासाकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

अभ्यासाची पार्श्वभूमी

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील ‘सीडी-४’ नावाच्या संरक्षक पेशींवर हल्ला करतो. निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० हून अधिक असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की क्षयासारखे संधिसाधू आजार जिवावर बेततात.

दक्षिण आफ्रिकेत ही साथ अत्यंत तीव्र होती. तरीही शासकीय पातळीवर औषधे देण्यास मोठा विलंब झाला. सार्वजनिक रुग्णालयांतून मोफत उपचार २००४ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास तेथील संरक्षण दलाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहकार्याने ‘फिडिसा’ हा प्रकल्प हाती घेतला. तेथील स्थानिक भाषेतील या शब्दाचा आशय ‘जगविणे’ असा आहे. प्रिटोरिया, केप टाउन व ब्लूमफॉन्टेन या शहरांप्रमाणेच म्टुबाटुबा, फालाबोर्वा व उमटाटा अशा दूरच्या ठिकाणीही केंद्रे उघडण्यात आली. सैनिकांबरोबर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनाही प्रकल्पात स्थान मिळाले. विषाणू छावणीच्या कुंपणापाशी थांबत नाही, तेव्हा उपचारांनीही तेथे थांबून चालत नाही, हे त्यामागील सूत्र होते.

अभ्यासातून काय दिसले?

प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात १,७७१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने चार औषधयोजनांत विभागण्यात आले. हे सारे रुग्ण सीडी-४ संख्या २०० च्या खाली गेलेले किंवा एड्सचे निदान झालेले होते. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आजार व मृत्यू टाळण्याच्या दृष्टीने या योजनांत ठळक फरक आढळला नाही. मृत्यूचे प्रमाण मात्र मोठे होते, आणि ज्यांची सीडी-४ संख्या उपचारांच्या प्रारंभीच ५० हून कमी होती त्यांच्यात ते विशेष होते. म्हणजे कोणती गोळी दिली यापेक्षा रुग्ण किती उशिरा दारी आला, हे अधिक निर्णायक ठरले.

याहून पुढचा प्रश्न असा की, प्रकृती उत्तम असतानाच औषधे सुरू केली तर? ‘स्टार्ट’ या चाचणीत ३५ देशांतील ४,६८५ जण सहभागी झाले. सर्वांची सीडी-४ संख्या ५०० हून अधिक होती. निम्म्यांना लगेच उपचार मिळाले, तर उरलेल्यांना संख्या ३५० पर्यंत उतरेपर्यंत थांबविण्यात आले. २०१५ मध्ये निष्कर्ष हाती आले : लगेच उपचार घेणाऱ्यांत गंभीर आजार वा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी होता. त्याआधी २०११ मध्ये १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासाने, लवकर उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे दाखवून दिले होते. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या अभ्यासाचे एक केंद्र होती, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, तर भारताने २०१७ मध्ये ‘सर्वांना उपचार’ हे धोरण स्वीकारले.

या नियमाला एक वैद्यकीय अपवाद आहे. मेंदूच्या आवरणाचा क्षय किंवा बुरशीजन्य दाह असल्यास आधी त्या आजाराचे उपचार करून मग काही आठवड्यांनी ही औषधे देतात. तो निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

औषध आहे, पण रुग्ण पुढे येतो का?

लवकर उपचारांसाठी लवकर चाचणी हवी आणि चाचणीसाठी निर्भय वातावरण हवे. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात एचआयव्हीबाधितांना भरती व परदेशातील नेमणूक नाकारली जाई, त्यामुळे बढतीही अडे. ज्या निदानाने नोकरी धोक्यात येते, ते निदान कोण आपणहून करून घेईल? मे २००८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हे सरसकट धोरण घटनाबाह्य ठरविले. भारतात २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीविना चाचणी, माहितीची वाच्यता आणि नोकरीतील भेदभाव यांना तो मनाई करतो.

आपल्यासाठी बोध

देणगीदार व विश्वस्त यांच्या दृष्टीने यातील बोध स्पष्ट आहे. एचआयव्हीची औषधे शासनाच्या एआरटी केंद्रांत मोफत मिळतात. धर्मादाय रुग्णालयाच्या साहाय्याची खरी गरज त्याआधीच्या व नंतरच्या टप्प्यांवर असते : प्रशिक्षित समुपदेशक, बोलण्यासाठी स्वतंत्र खोली, गुप्तता, प्रवासखर्च आणि औषध चुकलेल्या रुग्णाची विचारपूस. या गोष्टी अहवालाच्या आकडेवारीत ठळक दिसत नाहीत, परंतु रुग्ण वेळेवर येतो तो त्यांच्यामुळेच.

रुग्णांच्या कुटुंबीयांना नम्र विनंती, की घरात एकाचे निदान झाले असेल तर जोडीदाराची व मुलांची चाचणी लांबवू नये. औषधे नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत आढळेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. एकत्र जेवल्याने, एका घरात राहिल्याने किंवा आजाऱ्याची सेवा केल्याने तर ती कधीच होत नाही. रुग्णाला आपण घरात जितक्या सहजपणे सामावून घेऊ, तितक्या लवकर तो उपचारांकडे वळेल.