आघाडीच्या खेळाडूचे मोल

पावसाळा ओसरून शाळेच्या मैदानावरील चिखल वाळला, की फुटबॉलचा खेळ सुरू होतो. आणि दरवर्षी एकच भांडण आमच्या कानी येते. प्रत्येक मुलास आघाडीवर खेळावयाचे असते. गोलरक्षक होण्यास कोणी राजी नसतो, आणि मागच्या फळीत उभे राहणे ही तर शिक्षाच वाटते. कारण उघड आहे. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. चेंडू अडविणाऱ्याची आठवण कोणी ठेवीत नाही. तेव्हा आघाडीच्या खेळाडूचे काम काय, व त्याच्या यशावर हक्क कोणाचा, याचा विचार आज आपण करू. त्यासाठी मुंबईच्याच एका खेळाडूचे चरित्र पाहू. आळेफाट्यावरून माळशेज घाटाने मुंबईस कामधंद्यासाठी गेलेली माणसे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. पण त्या शहरात नावारूपास आलेल्या या खेळाडूची ओळख मात्र थोड्यांनाच असेल.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म 1932 साली गोव्यातील आसगाव येथे झाला. अनेक गोवेकर कुटुंबांप्रमाणे त्यांचेही जीवन मुंबईशी जोडले गेले, आणि तेथील मैदानांवर त्यांचा खेळ बहरला. टाटा स्पोर्ट्स क्लब व पुढे कॅल्टेक्स या संघांतून ते खेळले. त्या काळी आपल्या देशात केवळ फुटबॉलवर पोट भरणे शक्य नव्हते. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंस नोकरी देत आणि नोकरी सांभाळून ते खेळत. ऑलिंपिकमध्येही त्या वेळी धंदेवाईक खेळाडूस प्रवेश नसे.

डिसोझा यांचा पराक्रम समजण्यास आधीची हकीकत ठाऊक असली पाहिजे. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि 2–1 असा निसटता पराभव पदरी आला. 1952 साली हेलसिंकी येथे तर युगोस्लाव्हियाने आपला 10–1 असा धुव्वा उडविला. तेथील थंडीत अनवाणी पायांनी खेळणे किती अवघड आहे, हे त्या दिवशी कळून चुकले, व पुढे बूट घालून खेळण्याचा दंडक घालण्यात आला. पराभव झाला म्हणून रडत न बसता त्याचे कारण शोधून ते दूर करणे, हा पहिला धडा होय.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघाची तयारी हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी करून घेतली. ते मूळचे शाळामास्तर होते, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील. समर बॅनर्जी हे कर्णधार होते. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरी याने माघार घेतल्यामुळे भारताचा पहिला सामना 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला.

नवव्या मिनिटास डिसोझा यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास डिसोझा यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. पण मध्यंतरापूर्वीच ऑस्ट्रेलियाने ती फेडली. दोनदा मिळविलेले दोनदा हातचे गेले, म्हणजे कोणाचाही धीर सुटावा. परंतु पन्नासाव्या मिनिटास डिसोझा यांनी तिसरा गोल केला, आणि अखेरीस किट्टू यांनी चौथा गोल करून 4–2 असा विजय निश्चित केला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले.

तीन दिवसांनी उपांत्य सामना होता, आणि समोर कोण, तर तोच युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटास डिसोझा यांनी चेंडू जाळ्यात धाडला, आणि ज्या संघाने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविले होते, त्याच्यावर भारताने आघाडी घेतली. ती टिकली अवघी दोन मिनिटे. युगोस्लाव्हियाने लागोपाठ तीन गोल केले, चौथा आपल्याच खेळाडूकडून झाला, आणि सामना 4–1 असा गेला. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने 3–0 अशी मात केली. भारतास चौथे स्थान मिळाले, पदक मिळाले नाही. डिसोझा यांचे चार गोल मात्र त्या स्पर्धेतील सर्वाधिक होते; युगोस्लाव्हियाच्या व बल्गेरियाच्या एकेका खेळाडूने तेवढेच केले होते.

आता त्याच स्पर्धेतील दुसऱ्या एका आघाडीच्या खेळाडूकडे वळू. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियास 1–0 असे हरविले. विजयी संघात निकिता सिमोन्यान हे होते. ते आर्मेनियन कुळातले. मॉस्कोच्या स्पार्टाक संघाचे नामांकित गोल करणारे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सुवर्णपदक फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांसच मिळाले. एदुआर्द स्त्रेल्त्सोव्ह हा एकोणीस वर्षांचा तरुण आधीचे सामने खेळला होता, उपांत्य सामन्यात त्याने गोलही केला होता. पण अखेरच्या सामन्यात त्याच्या जागी सिमोन्यान यांस घेतले गेले, आणि तो पदकावाचून राहिला. तेव्हा सिमोन्यान यांनी आपले पदक त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले नाही. आपण तरुण आहोत, आपल्यास पुढे संधी मिळेल, असा त्याचा भाव होता. गळ्यात आलेले सोने दुसऱ्याच्या हक्काचे आहे असे वाटणे, आणि हक्काचे असूनही ते वडील सोबत्याकडे राहू देणे, यांत अधिक थोर कोण, हे विद्यार्थ्यांनी आपापसांत ठरवावे.

यावरून आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आघाडीचा खेळाडू हा लांबच्या प्रवासातील शेवटचा वाटाड्या असतो. गोलरक्षकाने अडविलेला, मागच्या फळीने पुढे दिलेला, मधल्यांनी सांभाळलेला चेंडू क्षणभर त्याच्या पायाशी येतो. तो क्षण साधण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागतो, म्हणून त्याचे मोल कमी नाही. परंतु तो क्षण त्याने एकट्याने निर्माण केलेला नसतो. आणि मागची फळी ढासळली, तर बावन्नाव्या मिनिटाचा गोल चौपन्नाव्या मिनिटापुरताच उरतो, हेही मेलबर्नने दाखविले.

पालकांसही दोन शब्द. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पुष्कळांचे मत आहे. दुसरीकडे मुलाने खेळून नाव व पैसा मिळवावा, अशी आशा धरणारेही आहेत. डिसोझा यांनी नोकरी सांभाळूनच देशासाठी गोल केले. 1980 साली, वयाची पन्नाशीही न गाठता, ते वारले. त्यांच्या कीर्तीने त्यांच्या हाती पदक दिले नाही. तथापि त्या चार गोलांवाचून आपल्या फुटबॉलचा इतिहास सांगताच येत नाही. आपल्या मुलास रोज तासभर मैदानावर जाऊ द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. तेथे तो हरण्यास शिकेल, आणि ते शिक्षण वर्गात देणे आम्हांस कठीण जाते.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सामन्यात तुमच्यापैकी कोणी गोल केला, तर टाळ्या घेण्यापूर्वी त्याने मागे वळून पाहावे, आणि चेंडू कोणी दिला त्याचे नाव मोठ्याने घ्यावे. मग गोलरक्षक होण्यास आपल्या शाळेत मुले मिळत नाहीत, ही तक्रार फार दिवस राहणार नाही.